छत्तीसातले नऊ

"जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं दाखवायचं नाही. तोंडानं नाही, हातानं नाही, मानेनंसुद्धा नाही. जमेल का?"

माताजींचा आवाज बारीक होता. मागच्या बायकांना ऐकू यायचा नाही, म्हणून त्या पुढे सरकत आणि सरकता सरकता आपोआप गप्प होत. मी पहिल्याच रांगेत होते. फाल्गुनातली दुपार, बस्तीची गार फरशी. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. पंचगंगेच्या काठच्या आमच्या गावात सगळे तसंच म्हणतात. माताजी म्हणजे आमच्या साध्वी. पायी विहार करताना त्या तीन दिवस आमच्याकडे थांबल्या होत्या आणि निघायच्या आधी ज्याला जो झेपेल तो नियम देत होत्या. कुणी दिवाळीपर्यंत साखर सोडली, कुणी तूप. शेजारच्या शकुंतलाकाकूंनी दुपारची झोप सोडली आणि उठता उठता माझ्या कानात म्हणाल्या, सुना झोपू कुठं देतात, सोडायला काय जातंय. मी काय सोडू, असं विचारलं तेव्हा माताजींनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. तू शिकलेली आहेस, खाण्याचं तुला सोपं जाईल, असं म्हणाल्या आणि हा नियम दिला. दिवाळीपर्यंतचा.

मी "जमेल" म्हटलं आणि हात जोडून "वंदामि" केलं.

बाकीचे नियम मी लहानपणापासून पाळत आले. दर्शनाआधी तोंडात काही घालायचं नाही, सूर्य मावळल्यावर अन्न नाही, गाळल्याशिवाय पाणी नाही, अष्टमी-चतुर्दशीला एकच वेळ. आजही पाळते, आणि त्यांचा कधी जाच वाटला नाही. हा एकच, जेमतेम आठ महिन्यांचा, मला भारी पडला.

त्या वर्षी मला सांख्यिकीत एम.एस्सी.ला जागा हवी होती. ती मिळाली नाही. हे आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्यानं आशा धरून बसू नये.

बी.एस्सी.ला मला अठ्ठ्याहत्तर टक्के होते. आमच्या गल्लीत तेवढे कुणाला पडले नव्हते, मुलग्यांनाही नाही. माझे वडील, आप्पा, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. उसाची गाडी काट्यावर चढली की आकडा वाचायचा आणि लिहायचा, एवढंच काम. पण सव्वीस वर्षांत त्यांच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी मला साधा सौदा सांगितला होता. एम.एस्सी.ला लागलीस तर दोन वर्षं मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. नाही लागलीस तर चिकोडीचं स्थळ आहे, मुलगा बरा आहे, मग माझ्यापाशी बोलायला काही उरणार नाही. मी हो म्हटलं. लागणार नाही असं माझ्या मनातच नव्हतं.

प्रवेशपरीक्षा जूनमध्ये झाली. चोवीस जागा, शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. बरोबर वाटेल त्या पर्यायाचा गोल पेन्सिलीनं काळा करायचा. चुकलं तरी गुण कापणार नव्हते. वर्गावरचे सर गमत्या स्वभावाचे होते. शेवटच्या पंधरा मिनिटांत फिरता फिरता म्हणाले, कोरं काही ठेवू नका, पोरांनो, देवाचं नाव घ्या आणि काळं करा, काळं करायला अक्कल लागत नाही. माझ्या उजव्या हाताची मुलगी बोटं मोजत, ओठ हलवत, पटापट गोल भरत सुटली. मी पेन्सिल बाकावर ठेवली आणि हात मांडीवर घेऊन घंटा होईपर्यंत बसून राहिले.

निकाल आषाढात लागला. मी एकटीच विद्यापीठात गेले आणि एकटीच परत आले. शंभरात एक्केचाळीस. यादीतल्या शेवटच्या मुलाला सत्तावन्न होते.

घरी आले तेव्हा आप्पा कट्ट्यावर बसले होते. कारखाना बंद असण्याचे दिवस, ते दिवसभर घरीच असत. मी गुणांची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती काट्याच्या पावतीसारखी वरून खाली वाचली. चिठ्ठीवर तीन आकडे छापले होते. बरोबर एक्केचाळीस, चूक तेवीस, कोरे छत्तीस.

आप्पांचं बोट तिसऱ्या आकड्यावर थांबलं. कोरे म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. लिहिलेच नाहीत, मी म्हटलं. का लिहिले नाहीत, त्यांनी विचारलं.

मधल्या भिंतीपलीकडे शकुंतलाकाकू तांदूळ निवडत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि ऐकू येतंय हे त्या लपवतही नव्हत्या. सूप तसंच हातात धरून त्या म्हणाल्या, "आवो, नियम हाय नव्हं तिचा. माताजींनी माझ्यासमोर दिलाय. ठाऊक न्हाई त्याला हात लावायचा न्हाई. त्यापायी सोडलं आसंल पोरीनं. व्हय गं, राजमती?"

आप्पांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी वाचताना त्यांचा चेहरा पडला होता. आता तो हळूहळू वर येत होता, आणि कशाच्या आधारानं येत होता ते मला दिसत होतं.

माझी मान हलली.

बास, एवढंच झालं. मी तोंडानं एक शब्दही बोलले नाही.

आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग त्यांनी चिठ्ठीच्या मागे पेनानं बेरीज केली. एक्केचाळीस आणि छत्तीस, सत्त्याहत्तर. दहा किलोचा फरक पडला तर गाडी पुन्हा काट्यावर घ्यायला लावणारा हा माणूस. छत्तीसच्या छत्तीस बरोबर आले असते असं त्यांनी धरलं, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटलं नाही. दिवेलागणीच्या आत सत्त्याहत्तर हा आकडा बस्तीपर्यंत पोचला होता. त्या वर्षी माताजींचा चातुर्मास आमच्याच गावात होता. आप्पांनी त्यांच्या कानावरही घातलं. पोरीनं जागा सोडली पण नियम सोडला नाही.

मी त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी सांगू शकले असते. पण गल्लीतून जाताना बायका वाट सोडून उभ्या राहू लागल्या. आई माझ्या ताटात न मागता वाढू लागली. नापास झाल्यासारखं घरी आलेल्या मुलीला असं कोण वागवतं? मी ते घेत राहिले.

मग आप्पांनी ठरवलं की विद्यापीठातल्या विभागात जाऊन भेटायचं. खुर्चीवर बसलेलं असलं तरी माणूसच आहे, नीट समजावून सांगितलं तर ऐकून घेईल, असं त्यांचं म्हणणं. कडक इस्त्रीची टोपी घातली, परसातल्या लिंबांची पिशवी घेतली. मी नको म्हटलं, तर म्हणाले, तू काही बोलू नकोस, बोलायचं मी बघतो.

विभागप्रमुख टेंबे मॅडम होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, पदराला खडू लागलेला. दारावरच्या शिपायानं पिशवीत डोकावून, आज विभागात सरबत करायचं आहे का, असं विचारलं होतं, त्यामुळे आप्पा आत गेले तेच जरा अवघडून. पण एकदा बोलायला लागले ते थांबले नाहीत. माताजी, फाल्गुन, नियम, छत्तीस, सत्त्याहत्तर. मुलगी खोटं बोलत नाही, साहेब, म्हणाले, मॅडमना साहेबच म्हणत होते. मी सव्वीस वर्षं काट्यावर आहे, खरं वजन मला हातानं कळतं. मॅडमनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मग त्या म्हणाल्या की मला मुलीशी दहा मिनिटं बोलायचं आहे, तुम्ही खाली चहा घेऊन या. आप्पा बाहेरचं काही घेत नसत. ते व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. दार अर्धवट लोटलं, तरी त्यांच्या टोपीचं टोक दिसत होतं.

"आता तो नियम मला तू सांग," मॅडम म्हणाल्या.

मी सांगितला. शब्द जसेच्या तसे.

"म्हणजे अंदाजसुद्धा करायचा नाही?"

"नाही."

"मग आमच्याकडे कशाला येतेस, बाई? आमचं सगळं शास्त्रच अंदाजाचं आहे." त्या हसल्या नाहीत. "अंदाज हा अंदाज म्हणून सांगायचा, आणि तो कितीनं चुकू शकेल तेही बरोबर सांगायचं. एवढंच तर आम्ही करतो. त्यात खोटं कुठं आलं?"

त्यांनी कपाट उघडून परीक्षेची प्रश्नपत्रिका काढली, माझी उत्तरपत्रिका काढली आणि एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. सोडलेले छत्तीसही प्रश्न आत्ता, इथं, त्यांच्यासमोर करायचे. मी अंदाज करते आहे हे त्यांना ठाऊक आहे, तेव्हा कुणाची फसवणूक नाही आणि नियमही मोडत नाही.

"सोळा," त्या म्हणाल्या. "सोळा बरोबर आले तर तुझे सत्तावन्न होतात. मग मी समितीपुढे तुझ्यासाठी उभी राहीन. एक जागा वाढवून मागता येते, मी पूर्वी मागितली आहे. पण सोळा हवेत."

सोळा म्हणजे निम्म्याहून कमी. मी पेन्सिल घेतली.

अर्धा तास लागला. एक प्रश्न अजून तसाच्या तसा आठवतो. थांब्यावर बसा सरासरी दहा मिनिटांनी येतात, पण मनाला येईल तेव्हा येतात, ठरलेल्या वेळेला नाही. माणूस केव्हाही येऊन उभा राहिला तर त्याला सरासरी किती थांबावं लागेल? पर्यायांत पाच होतं, दहा होतं, आणखी दोन होते. दहाचं निम्मं पाच, म्हणून मी पाच लिहिलं. लिहिताना मला बरं वाटलं, की हा तर सोपाच होता, उगीच सोडला होता.

मॅडमनी लाल पेननं तपासायला घेतलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. बरोबरची खूण वर जाते, चुकीची आडवी येते. चार-पाच खुणांनंतर मी बघणं सोडलं आणि खिडकीकडे तोंड केलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी उगीच वाजवत होतं.

"नऊ," त्या म्हणाल्या.

त्यांनी कागद माझ्याकडे वळवला, म्हणजे मला स्वतःला मोजता यावं. मी मोजले. नऊच होते.

"पर्याय किती होते?"

"चार."

"डोळे मिटून खुणा केल्या तर चारात एक बरोबर येतो. छत्तीसात किती?"

हे मला पाठ होतं. मी लाल खुणांकडेच बघत राहिले. त्यांनीच सांगितलं, अगदी हळू, शेजारच्या खोलीतल्या आजाऱ्याला जाग येऊ नये तसं.

"नऊ. नेमके नऊच यावेत असं नसतं, सात येतात, अकरा येतात. पण तुझे नऊ आले. तुझ्या जागी शिपायाला बसवलं असतं तरी साधारण एवढेच आले असते. तू सोडलेल्यांतलं तुला काहीच येत नव्हतं, राजमती. नियम असो वा नसो."

मग त्यांनी बसथांब्याच्या प्रश्नावर बोट ठेवलं. उत्तर दहा होतं. त्यांनी मला त्यामागच्या प्रमेयाचं नाव सांगितलं आणि सिद्धता येते का विचारलं. मला येत होती. मी ती न अडखळता, पुस्तकातल्या पानासारखी, शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवली. म्हणताना मलाच कळलं की थांब्यावर उभ्या असलेल्या त्या माणसाचा आणि या सिद्धतेचा काही संबंध आहे, हे मला आजवर दिसलंच नव्हतं. छत्तीस प्रश्न सगळे त्याच जातीचे होते. पाठांतर संपतं तिथून सुरू होणारे.

मॅडमनी लाल पेनाला टोपण लावलं. "एक विचारू? त्या दिवशी पेन्सिल खाली ठेवलीस तेव्हा नियम आठवला होता?"

व्हरांड्यात आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

"नाही," मी म्हटलं.

"मग केव्हा आठवला?"

"काकूंनी सांगितलं तेव्हा."

खरंच तेव्हा. परीक्षेच्या तीन तासांत माताजी, फाल्गुन, बस्ती, काही म्हणजे काही माझ्या मनात आलं नव्हतं. मी पेन्सिल ठेवली कारण पाठ नसलेलं लिहायची मला सवयच नव्हती. आणि चौसष्ट लिहिलेत, तेवढे पुरेत, असं वाटून घेतलं होतं. शेजारची मुलगी बोटं मोजत होती, तिची मला थोडी कीव आली होती. बहुतेक ती लागली असेल.

मी रडले नाही. मॅडमना बहुधा वाटलं असेल की रडेन, कारण त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. ते गाळलेलं आहे का हे विचारायचा धीर मला झाला नाही, आणि मी तो तसाच ठेवला. मी एवढंच विचारलं की पुढच्या वर्षी बसू का.

"पुढच्या वर्षी बस, असं मी सगळ्यांना म्हणते," त्या म्हणाल्या. "तुला म्हणणार नाही. तू आणखी एक वर्ष पाठ करशील."

मी उठले. त्यांनी मला दारापाशी थांबवलं.

"बाहेर ते बसलेत ना, त्यांच्या हिशेबात तू सत्त्याहत्तरची आहेस. मला काही नाही, ते मला दोष देतील, विभागाला देतील, देऊ देत. आज त्यांना त्या नियमाचा अभिमान आहे. पण पाच-सात वर्षांनी तुझं काही बिनसलं तर हेच म्हणतील की त्या नियमानं पोरीचं वाटोळं केलं. त्यांना नऊ सांगशील?"

"सांगतो," मी म्हटलं. आमच्याकडे बायकाही जातो, येतो असंच बोलतात. मॅडम पुण्याच्या, पण त्यांनी ते दुरुस्त केलं नाही.

"नक्की?"

"नक्की सांगतो."

तो तपासलेला कागद त्यांनी घडी करून माझ्या हातात दिला.

आप्पा उठून उभे राहिले. लिंबांची पिशवी हातात नव्हती. शिपायाला देऊन टाकली होती. काय म्हणाल्या, त्यांनी विचारलं. नाही म्हणाल्या, मी सांगितलं. नियमाचं सांगितलंस ना नीट? सांगितलं. आणि तरी नाही म्हणाल्या? तरी नाही म्हणाल्या. एकेक शब्द खरा होता.

बस यायला पाऊण तास लागला. त्या वेळात मी दोनदा सुरुवात केली. पहिल्यांदा "आप्पा" एवढंच म्हटलं, तर ते म्हणाले, राहू दे, राजा, कष्टी होऊ नकोस, मार्क काय, कुणालाबी पडतात. दुसऱ्यांदा मी घडी उघडली तेवढ्यात बस आली. बसमध्ये त्यांच्या शेजारी जयसिंगपूरचा एक बियाण्यांचा दुकानदार बसला होता. हातकणंगले यायच्या आत त्याला सगळं कळलं होतं. तो सारखा मागे वळून माझ्याकडे बघत होता, जसं अभिषेकाच्या वेळी गाभाऱ्याकडे बघतात. उतरताना त्यानं मला हात जोडले. मी हात जोडले नाहीत. त्याला वाटलं असेल मुलगी लाजरी आहे.

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी होती. सकाळी दर्शन करून आले तेव्हा कळलं की दुपारी तीनच्या प्रवचनात माताजी माझं उदाहरण सांगणार आहेत. पंचांनी श्रीफळ द्यायचं ठरवलं होतं. चिकोडीची माणसंही येणार होती. असली नियमाची मुलगी आमच्या घरात हवी, असा त्यांचा निरोप आदल्या दिवशीच आला होता. आप्पा जेवण आटोपून बाराच्या सुमाराला बस्तीत गेले, तयारीला. मला त्यांच्यापाठी लगेच जाता आलं असतं. मी भांडी घासली. घासलेली भांडी पुन्हा घासली. स्वयंपाकघराच्या कोनाड्यात कागद उलगडून लाल खुणा पुन्हा मोजल्या. दहा होतात का बघितलं.

आई आतल्या खोलीत माझी पांढरी साडी इस्त्री करत होती. तिचा चेहरा इतका शांत होता की त्याच्याकडे बघून मला वाटलं, न सांगितलं तर काय होईल? काहीच होणार नाही. जागा गेलीच आहे. चिकोडीलाही जायचंच आहे. सांगितल्यानं यांतलं काही बदलणार नाही. फक्त घरात एक गोष्ट होती ती राहणार नाही. आप्पांना काट्यावर उरलेली नोकरी करायची होती. तिथले ड्रायव्हर त्यांना विचारणार होते, तुमची मुलगी काय करते? उत्तर म्हणून त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

दोन वाजले.

"आई, आप्पांच्याकडं जाऊन येतो."

"तासाभरात समदीच जायची हाईत की. साडी तरी बदल."

"त्याच्या आधी जायला पाहिजे."

आईनं इस्त्री उभी केली. माझ्या मुठीत कागद होता, तो तिनं पाहिला. साडीची घडी मोडून ती पुन्हा घालायला लागली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा मग. चिखल हाय, जपून जा."

पाऊस थांबून थोडाच वेळ झाला होता. गल्लीत लोकांनी मध्ये मध्ये दगड टाकून ठेवले होते, त्यांवर पाय देत मी गेले. वाटेत दोघी-तिघी ओसरीवरून बोलल्या, मी थांबले नाही. काय बोलायचं ते ठरवत होते, आणि शेवटी सगळं गळून एकच शब्द शिल्लक राहिला, तो आकडा, नऊ.

बस्तीच्या मंडपात कुणी आलं नव्हतं. आप्पा एकटेच होते. पायांत मोजे, डोक्याला टोपी. ते मोठं जाजम अंथरत होते. एक टोक त्यांनी धरलं होतं आणि दुसऱ्या टोकाला ओढून सरळ करायला कुणी नव्हतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा या बाजूनं त्या बाजूला जात होते. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी वळून पाहिलं आणि हसले.

मी पायरीखाली चपला काढल्या, आणि जाजमाच्या दुसऱ्या टोकाकडे चालत गेले.